सुईने घात केला, नळीने वाचवलं

कार्बोरेटरवाली जुनी गाडी दारात उभी असेल, तर महागडं टूलकिट घेण्याआधी घरातली वायर, मेडिकलमधली सिरिंज आणि एक्स्पायर झालेलं एटीएम कार्ड यांच्याकडे एकदा नीट बघा. फक्त कुठलं साधन कशासाठी, ते आधी समजून घ्या. नाहीतर जुगाड अंगाशी येतो. माझ्या आला होता.

सकाळचे पावणेसात. साडेसातला प्रॅक्टिकल. तुम्ही किक मारताय. एक, दोन, दहा, वीस. गाडी एकदा फुर्रकन बोलते आणि गप्प होते. चोक ओढून ठेवला तर चालू राहते, चोक सोडला की मान टाकते. शेजारचे काका गॅलरीतून सल्ला देतात, ‘प्लग बघ रे.’ प्लग तुम्ही कालच बघितलाय. परवाही बघितलाय.

ओळखीचं वाटतंय? मग ती गाडी बहुतेक तुमची नाहीच. बाबांची असेल, मामाची असेल, किंवा दादाला नोकरी लागली, त्याने नवी घेतली आणि जुनी तुमच्या गळ्यात घातली असेल. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमध्ये बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पण त्याआधीच्या गाड्या काही एका रात्रीत गायब झाल्या नाहीत. कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. निम्म्या गाड्यांचा जन्म कुठला, ते नंबरप्लेटवरूनच कळेल.

या गाड्यांची एक गंमत आहे. त्यांचं पोट उघडता येतं. लॅपटॉप जोडावा लागत नाही, स्कॅनर लागत नाही. चार स्क्रू काढले की इंजिन कसं जेवतं ते डोळ्यांनी दिसतं. आणि ते बघायला, मोजायला, साफ करायला लागणारी अर्धी साधनं घरीच बनतात.

माझी पहिली सर्जरी

सेकंड इयरला होतो. मेचा अख्खा महिना बाबांची १०० सीसीची गाडी गावी शेडमध्ये उभी होती. जूनमध्ये काढली, तर वर लिहिलंय तेच दुखणं. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी न उघडताच सांगितलं, ‘कार्बोरेटर गेला, नवा टाकावा लागेल.’ जो आकडा सांगितला, तेवढ्यात माझी महिन्याची मेस भागत होती. बाबा म्हणाले, ‘विकून टाकू आता. किती दिवस ओढायची?’ भंगारवाला येऊन बघूनही गेला. गाडी गेली असती, तर मला गावातून निघणारी आठची एसटी उरली असती. म्हणजे सकाळचं प्रॅक्टिकल विसरा.

मग मी दोन व्हिडीओ बघितले आणि स्वतःला डॉक्टर समजायला लागलो. कार्बोरेटर काढला, खालची वाटी उघडली, छोटा पितळी जेट सापडला. भोक बुजलेलं. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि घातली. जरा अडली, म्हणून जोर लावला. ‘कच’ असं काहीतरी वाटलं आणि सुई आत गेली. जोडून किक मारली. पहिल्या किकला चालू! चोकशिवाय! त्या दिवशी मी घरात कॉलर ताठ करून फिरत होतो.

पंधरा दिवसांनी बाबांनी विचारलं, ‘अरे, ही गाडी पेट्रोल प्यायला लागली का?’ ॲव्हरेज धाडकन उतरलं होतं. प्लग काढला, तर काजळी माखलेला. सिग्नलला उभं राहिलं की मागून कच्च्या पेट्रोलचा वास. शेवटी तालुक्याला एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जेट काढला, आकाशाकडे धरला, एक डोळा मिटून बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘कशाने साफ केलास?’

‘सुईने.’

‘पितळ आहे रे ते. आणि सुई पोलादाची.’

बस, एवढंच बोलले. नवा जेट टाकला, गाडी सुधारली. पण ते वाक्य डोक्यात बसलं. घरगुती साधनाबद्दल मला जे काही कळलंय, ते त्या एका वाक्यातून सुरू होतं.

भोक केवढं, फरक केवढा

थोडं फिजिक्स करू. घाबरू नका, बारावीचंच आहे. कार्बोरेटरच्या नळीतून हवा वेगाने जाते. नळी मध्ये अरुंद असते, तिथे वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बर्नोली आठवला? त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं आणि हवेत मिसळतं. साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, वजनाने, असं प्रमाण असलं की पेट्रोल पुरतं जळतं. हे प्रमाण सांभाळण्याचं काम त्या पितळी जेटच्या भोकाचं असतं.

गाडी उभ्या-उभ्या चालू असते किंवा अगदी थोडा ॲक्सिलरेटर दिलेला असतो, तेव्हा पेट्रोल येतं पायलट जेटमधून. त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही बारीक. समजा ०.३५ मिलीमीटर आहे. सुई घुसवून तुम्ही ते ०.४० केलंत. फरक फक्त ०.०५ मिलीमीटरचा, म्हणजे डोक्यावरच्या एखाद्या बारीक केसाएवढा. पण पेट्रोल जातं ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ०.४० चा वर्ग भागिले ०.३५ चा वर्ग, उत्तर येतं १.३१. म्हणजे वाट जवळपास ३१ टक्क्यांनी रुंद झाली! आणि शहरात आपण गाडी चालवतो ती बहुतेक याच हलक्या ॲक्सिलरेटरवर. पेट्रोल पिणार नाही तर काय करणार?

म्हणून घरगुती साधनाचा पहिला नियम पाठ करा. साधन कार्बोरेटरपेक्षा मऊ असलं पाहिजे. आणि दुसरा नियम त्याहून मोठा. चांगलं साधन तुम्हाला दाखवतं, ते जबरदस्ती करत नाही. खाली जी साधनं सांगतोय, ती या दोन चाळण्यांतून गेलेली आहेत.

उघडण्याआधी: पुठ्ठा, ट्रे आणि मोबाइल

कार्बोरेटर उघडणं अवघड नसतं. तो परत तसाच बंद करणं अवघड असतं. बंद केल्यावर एक स्प्रिंग हातात उरली, की मग बसा रडत.

एक पुठ्ठा घ्या. त्यावर कार्बोरेटरचं ओबडधोबड चित्र काढा. ज्या जागेचा स्क्रू काढाल, तो चित्रात त्याच जागी भोक पाडून खोचून ठेवा. काही कार्बोरेटरमध्ये एकाच झाकणाचे स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर आटे गेलेच समजा. जेट, स्प्रिंग, छोटे रबरी ओ-रिंग यांच्यासाठी फ्रीजमधला जुना बर्फाचा ट्रे वापरा. पहिल्या खणात पहिली काढलेली वस्तू, दुसऱ्यात दुसरी. जोडताना उलट्या क्रमाने या. प्रत्येक पायरीला मोबाइलवर एक फोटो.

सगळं काम फिक्या रंगाच्या जुन्या चादरीवर करा. स्प्रिंग उडतेच. चादरीवर पडली तर दिसते, अंगणात पडली तर दिवाळीच्या साफसफाईतही सापडत नाही.

आता स्क्रू ड्रायव्हरबद्दल. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर केहिन किंवा मिकुनी या जपानी नावांचे कार्बोरेटर असतात. त्यांचे फुलीचे स्क्रू अनेकदा जपानी मापाचे असतात. डोक्यावर फुलीशेजारी छोटा ठिपका दिसला, तर समजा तो जपानी. आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, घसरतो आणि फुली गोल करून टाकतो. जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाहीतर जुना, स्वस्तातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक कानशीने किंचित घासा, म्हणजे तो खोल बसतो. फिरवण्याआधी मुठीवर हातोडीने हलकेच एक-दोन टोले द्या. अडकलेले आटे मोकळे होतात. मग दाब जास्त आणि पीळ कमी.

बाजूला जो हवेचा स्क्रू असतो, तो काढण्याआधी एक काम विसरू नका. तो हलक्या हाताने आत फिरवत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे झाले ते मोजा आणि पुठ्ठ्यावर लिहा. दीड, पावणेदोन, जे असेल ते. परत जोडताना तिथूनच सुरुवात करायची. आत बसल्यावर मात्र आवळू नका. त्याचं टोक नाजूक असतं.

भोकासाठी: वायरमधली एक तार

आता ज्या कामात मी माती खाल्ली, ते काम.

घरातल्या वायरिंगच्या वायरचा तुकडा घ्या. १ चौरस मिलीमीटरची वायर असेल, तर तिच्यात साधारणपणे १४ तारा असतात आणि प्रत्येक तार ०.३ मिलीमीटर जाडीची. ०.७५ ची लवचीक वायर असेल, तर बहुधा ०.२ मिलीमीटरच्या २४ तारा. म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानात उरलेल्या वीतभर वायरमध्ये तुम्हाला दोन मापांचा, मोजून बनवलेला साफसफाईचा ब्रश मिळाला. तांबं पितळेपेक्षा मऊ असतं. ओरखडा उठलाच तर तारेवर उठेल, जेटवर नाही.

पण तार ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. आधी जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा. मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जा आणि त्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. जेट बोटांत नाही, पकडीत कापड गुंडाळून धरा. नाहीतर तो गोळीसारखा उडतो. मग आकाशाकडे धरून बघा. स्वच्छ गोल उजेड दिसला, तर तारेची गरजच नाही. चंद्रकोर दिसली, तर अजून कचरा आहे. तेव्हा एक सुटी तार, सरळ, न पिळता, आत-बाहेर. अडली तर थांबा, परत भिजवा. जोर लावलात तर तार आतच तुटेल आणि नवंच दुखणं होईल.

गिटार वाजवणारे मित्र म्हणतील, ‘माझ्याकडे पातळ स्ट्रिंग आहे की!’ ती पोलादी असते. सुईची चुलत बहीण. राहू दे तिला गिटारवरच.

वाटीसाठी: गवंड्याची नळी

घराचं बांधकाम चालू असताना गवंडी काय करतो, बघितलंय ना? पारदर्शक नळीत पाणी भरतो, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. त्यावरून खुणा करतो. नेमकं तेच साधन कार्बोरेटरला लागतं.

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल एका ठरावीक उंचीपर्यंतच भरलं पाहिजे. आत एक फ्लोट असतो. पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा, तसाच. पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि सुईसारखी झडप पेट्रोल बंद करते. पातळी जास्त झाली तर पेट्रोल सांडतं, प्लग काळा पडतो. कमी झाली तर गाडी चढावर किंवा वेगात धाप टाकते. पण वाटी धातूची. आतलं दिसणार कसं?

माशांच्या टाकीसाठी मिळणारी पारदर्शक नळी अर्धा मीटर आणा. वाटीच्या तळाशी पेट्रोल काढून टाकण्याचा स्क्रू असतो आणि त्याच्याजवळ एक छोटी नळीसारखी तोटी. नळी त्या तोटीवर घट्ट बसवा. दुसरं टोक वर वळवून कार्बोरेटरच्या शेजारी उभं धरा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर. कॉक चालू करा. आता तळाचा स्क्रू एक-दीड फेरा सैल करा. पेट्रोल नळीत चढेल आणि एका जागी थांबेल. वाटीत जी पातळी, तीच नळीत. वाटी आणि वरचा भाग जिथे जुळतात, त्या सांध्याच्या थोडी खाली ती असायला हवी. नेमकं किती मिलीमीटर, ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. बघून झालं की आधी स्क्रू बंद, मग नळी खाली. उलटं केलंत तर वाटीतलं सगळं पेट्रोल चपलेवर.

पुढच्या पावसाळ्यात याच नळीने आमची गाडी वाचवली. गाडी उभी केली की खाली पेट्रोलचे थेंब. परत एका गॅरेजमध्ये तेच उत्तर, ‘कार्बोरेटर बदला.’ या वेळी मी सुई नाही, नळी घेतली. पेट्रोल चढत चढत सांध्याच्या वर गेलं, थांबायचं नावच घेईना. म्हणजे झडप बंद होत नव्हती. बिघाड कुठे आहे ते काहीही न उघडता कळलं होतं.

झडपेसाठी: सिरिंज

पुढचा प्रश्न, झडप का बंद होत नाही? मेडिकलमधून १० मिलीची नवी सिरिंज आणा. सुई नको, फक्त सिरिंज. कार्बोरेटर काढून पेट्रोल पूर्ण रिकामं करा आणि तो उलटा धरा. फ्लोटच्या वजनाने झडप आपोआप बंद होते. ज्या तोटीतून पेट्रोल आत येतं, तिला नळीच्या तुकड्याने सिरिंज जोडा आणि दट्ट्या हळूच दाबा. दट्ट्या अडून राहिला, तर झडप ठीक. सरकत गेला, तर गळती आहे. फार जोर लावायचा नाही. गाडीत टाकी कार्बोरेटरच्या जेमतेम फूटभर वर असते, म्हणजे झडपेला खरा दाब अगदी थोडाच सहन करायचा असतो.

आमच्या गाडीत दट्ट्या सरकला. झडप काढून बघितली, तर तिच्या रबरी टोकावर गोल खाचा पडलेली. नवी झडप आणली, किंमत दोन वडापाव आणि एक चहा. नळी परत लावली, पेट्रोल सांध्याच्या खाली येऊन शहाण्यासारखं थांबलं.

सिरिंजचा अजून एक उपयोग. जेट काढल्यावर त्याच्या जागेतून क्लीनरची पिचकारी मारा आणि धार दुसरीकडून बाहेर येते का ते बघा. हवेच्या नळीत, स्लाइडच्या जवळ, बारीक भोकं असतात. तिथून बारीक धार आली, म्हणजे आतली वाट मोकळी. जेट साफ करूनही गाडी चोकशिवाय चालत नसेल, तर दोष बहुतेक याच वाटेत असतो. एक लक्षात ठेवा, पेट्रोल लागलं की सिरिंजचं रबर फुगतं. दोन-तीन वेळा वापरली की फेकून द्या.

उंचीसाठी: एटीएम कार्ड

झडप चांगली आहे, तरी पातळी चुकतेय? मग फ्लोटची उंची मोजावी लागते. मॅन्युअलमध्ये एक आकडा असतो, सांध्यापासून फ्लोटच्या टोकापर्यंत इतके मिलीमीटर. पट्टी तिथे नीट बसत नाही. मग एक्स्पायर झालेलं एटीएम कार्ड घ्या. फिजिक्स लॅबमधला व्हर्नियर आठवतो? तो खऱ्या आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडेल. मॅन्युअलमधल्या मापाची खाच कार्डाला कापा. कार्डाचे दोन पाय सांध्यावर टेकवा, फ्लोट खाचेत येतो का बघा. कार्बोरेटर थोडा तिरका धरा, झडपेची छोटी स्प्रिंग दबू देऊ नका. नाहीतर माप चुकतं.

धातूच्या फ्लोटची छोटी पट्टी किंचित वाकवून उंची जुळवता येते. प्लास्टिकच्या फ्लोटला ती सोय बहुधा नसते, तिथे बदलणं हाच उपाय. आणि फ्लोट पोकळ असेल, तर कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल डुचमळलं, तर त्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडवून धरा. बुडबुडे जिथून येतील, तिथे भोक.

नळी दूरवर जाते

ही गवंड्याची नळी फक्त आपल्या १०० सीसीपुरती नाही. १९६९ साली होंडाने सीबी ७५० आणली. चार सिलिंडर आणि चार कार्बोरेटर. असे चारही जण सारखेच ओढतात का, हे बघायला पाश्चात्त्य देशांतले हौशी लोक अजूनही फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ आकारात ठोकतात, तिच्यात थोडं पातळ तेल भरतात आणि दोन टोकं दोन सिलिंडरच्या इनटेकला जोडतात. जो जास्त ओढतो, त्याच्याकडे तेल चढतं. दोन्हीकडे सारखं झालं की जुळलं. त्यासाठी दुकानात तयार गेज मिळतात, पण फळीवरच्या नळीला बॅटरी लागत नाही आणि ती खोटं बोलत नाही. आपल्या एका कार्बोरेटरच्या गाडीला याची गरज नाही. पण तत्त्व एकच आहे, हे बघून मजा वाटते.

कुठे थांबायचं

आता प्रामाणिकपणे सांगतो. घरची साधनं सगळं करत नाहीत. स्लाइड झिजली असेल, कार्बोरेटरची बॉडी वाकली असेल, इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं असेल, तर नळी आणि सिरिंज काही करू शकत नाहीत. कधी कधी तर कार्बोरेटरचा दोषच नसतो. उघडण्याआधी हे करून बघा. गाडी थोडी चालून बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडून परत चालू करा. झाकण उघडल्यावर बरी चालली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोलची नळी काढून काचेच्या बाटलीत धार सोडून बघा. धार बारीक असेल, तर कॉक किंवा फिल्टर चोंदलाय. विनाकारण कार्बोरेटर उघडणं म्हणजे पोटदुखीला डोळ्याचं ऑपरेशन.

आणि मिस्त्रींकडे जायला लाजू नका. फरक इतकाच, की आता तुम्ही ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणत जाणार नाही. ‘पातळी सांध्याच्या वर जातेय, झडप गळतेय’ असं सांगत जाल. मग समोरचा माणूस कार्बोरेटरच्या किमतीऐवजी झडपेची किंमत सांगतो. हा माझा अनुभव आहे.

शेवटचं, आणि हे दिवाळीच्या सुट्टीआधी करायचं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल तळाच्या स्क्रूने काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. वाटीत पेट्रोल आटून चिकट थर बसतो आणि सगळ्यात आधी बुजतं ते सगळ्यात बारीक भोक. माझ्या मे महिन्याची गोष्ट सुरू झाली ती इथूनच. दोन मिनिटांचं काम केलं असतं, तर सुई लागलीच नसती.

पाना उचलण्याआधी हे वाचा

१. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. काम अंगणात, मोकळ्या हवेत करा. हॉस्टेलच्या खोलीत, जिन्याखाली, देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ मुळीच नाही. इंजिन थंड झाल्यावरच हात लावा.

२. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नका. गंमत म्हणूनही नाही. फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

३. क्लीनरचा स्प्रे बारीक भोकातून उलटा डोळ्यावर येतो. लॅबचा गॉगल घाला.

४. क्लीनरमध्ये रबरी ओ-रिंग आणि रबरी पडदा भिजवू नका. आधी काढून बाजूला ठेवा.

५. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांत कार्बोरेटर बुडवू नका. त्याचा धातू आम्लाने खाल्ला जातो.

६. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. घरात कुणीतरी पाणी समजून तोंडाला लावेल. नालीतही ओतू नका.

आमची गाडी अजून दारात आहे. भंगारवाला मधूनमधून विचारतो, बाबा ‘नाही’ म्हणतात. माझी सगळी साधनं बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतात. वीतभर वायर, अर्धा मीटर नळी, दोन सिरिंज, खाच पाडलेलं कार्ड, घासलेला स्क्रू ड्रायव्हर. त्याच डब्यात तो पहिला, सुईने रुंद केलेला जेटही मी जपून ठेवलाय. हॉस्टेलवर कुणी ‘एक सुई दे ना, जेट साफ करायचाय’ म्हणत आलं, की आधी तो आकाशाकडे धरून दाखवतो. मग वायर देतो.